बदकाला प्रवेश नाही

३ मार्च

ताई,

तू म्हणालीस, "आमचं पान हल्ली फार हळू उघडतं, जरा बघतोस का?" बघितलं. हळू उघडणं ही तुझी सगळ्यात लहान अडचण आहे. घराचं दार सताड उघडं टाकून तू मला बिजागरी कुरकुरते म्हणून बोलावलंस.

तुझ्या वाचाउपचार केंद्राच्या वेबसाइटवर ते 'आज मला म्हणायचंय' नावाचं पान आहे ना, पक्षाघातानंतर शब्द हरवलेले तुझे पेशंट जिथे दोन-दोन शब्द लिहितात, त्या पानावरची लिहायची चौकट एका फुकट प्लगइनवर चालते. प्लगइन म्हणजे वेबसाइटला वरून जोडलेला तयार भाग. कुणीतरी कुठेतरी बनवून ठेवला होता, तू फुकट मिळाला म्हणून जोडलास. माणूस त्या चौकटीत जे लिहील ते हा भाग डोळे मिटून पानावर सोडतो. शब्द लिहिले तर शब्द दिसतात. पण कुणी शब्दांऐवजी कोड लिहिलं तर ते दिसत नाही, ते चालतं! पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर चालतं. तुझ्याही. आणि तू तर मालकीण म्हणून आत गेलेली असतेस, म्हणजे सगळ्या किल्ल्या तुझ्याच कमरेला. आमच्या धंद्यात याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, दार तेवढं लाव.

लावणं सोपं आहे. प्लगइनच्या सेटिंगमध्ये 'मजकूर साफ करा' असा एक पर्याय आहे, कोडसारखं दिसेल ते तो पुसून टाकतो. कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. कुणी, ते मी विचारत नाही. सुरू कर.

दुसरं म्हणजे, 'बदक' या नावाने कुणीतरी तिथे चाचपणी करतंय. येतो, >< असं काहीतरी टाकतो, निघून जातो. एकदा नाही, सारखं. हा काही शब्द नाही. चौकट फुटते का हे बघायला आम्ही लोक सगळ्यात आधी हेच टाकतो. काल मीसुद्धा हेच टाकलं. या बदकावर माझा डोळा आहे.

बाबांना फोन केला होता. नेहमीचंच. मी बोलतोय आणि ते "बरं… बरं." मग आई फोन घेते आणि म्हणते, सगळं ठीक आहे. ते तुझ्याकडे उपचाराला येतात, तूच सांग, काही फरक आहे का? त्या पानावर तरी लिहितात का? आई म्हणते, कॉम्प्युटरच्या जवळही जात नाहीत. खरं सांगू, मला वाटायला लागलंय की त्यांना माझ्याशी बोलायचंच नाही.

खुडबुड्या


६ मार्च

खुडबुड्या,

कशी आहेस नाही, बरी आहेस नाही, एकदम दार, किल्ल्या आणि चोर. लहानपणी घरातला रेडिओ उघडून ठेवायचास आणि वर आम्हालाच सांगायचास की तो आधीपासूनच बिघडलेला होता. तसूभरही बदलला नाहीस.

तो पर्याय मी बंद केलाय. होय, मीच. आता शांतपणे ऐक.

माझ्या खोलीत एक नियम आहे. पेशंटने लिहिलेलं कुणी सुधारायचं नाही. 'पाणी' म्हणायचं असताना कुणी 'खुर्ची' लिहिलं तरी ती खुर्चीच राहते, कारण ती खुर्ची सापडायला त्या माणसाची अर्धी सकाळ गेलेली असते. घरची माणसं मायेपोटी दुरुस्त्या करतात, आणि तो माणूस लिहायचं सोडतो. किती जणांचं असं झालेलं मी पाहिलंय. म्हणून त्या पानावर जे लिहिलं ते जसंच्या तसं उमटलं पाहिजे, त्याला माझाही हात लागता कामा नये आणि तुझ्या यंत्राचाही.

तुझा तो साफ करणारा पर्याय सुरुवातीला सुरू होता. एका पेशंटने मन लावून काहीतरी लिहिलं, बटण दाबलं, आणि पानावर कोरी चौकट. परत लिहिलं, परत कोरी. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. त्याला वाटलं, उरलेसुरले शब्दही गेले. मी त्याच दिवशी तो पर्याय बंद केला आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

शिवाय आमच्याकडे चोरायला आहे काय? दोन जुने कॉम्प्युटर, तोंडाच्या व्यायामासाठी एक आरसा, चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा. खाली बसस्टॉपवर उभे असलेले लोकसुद्धा वर काय चालतं ते विचारत नाहीत. तुझे ते चोर वाट वाकडी करून आमच्याकडे कशाला येतील?

बदक आमचं आहे. पानावरची नावं पेशंट स्वतः निवडतात, चित्रांच्या पत्त्यांतून, बोट ठेवून. टोपी आहे, छत्री आहे, तसं बदक आहे. त्याच्या वाटेला जाऊ नकोस आणि मला याहून जास्त विचारू नकोस.

काकांचं, म्हणजे तुझ्या बाबांचं म्हणशील तर दोष तुझ्या जिभेचा आहे. फोनवर तू एका दमात चार विषय काढतोस. पहिल्या विषयावरचा शब्द त्यांच्या ओठांवर येईपर्यंत तू चौथ्यावर पोचलेला असतोस. मग ते 'बरं' म्हणतात, कारण तेवढा एक शब्द त्यांच्याकडे हाताशी असतो. त्यावरून त्यांना बोलायचंच नाही असा अर्थ काढणारा या घरात तू एकटाच निघालास. पानावर लिहितात का, ते त्यांना विचार. मी पेशंटांच्या गोष्टी बाहेर सांगत नाही, मग विचारणारा भाऊ असला तरी.

ताई


८ मार्च

ताई,

तुझ्याशी बोलणं म्हणजे डोकेफोड आहे. दिवसभर ऑफिसमध्ये हेच करतो आणि घरी आल्यावर पुन्हा हेच. वेबसाइटी तपासतो, कुठे भोक आहे ते लिहून देतो, आणि समोरचा म्हणतो, "पण आत्तापर्यंत तर काही झालं नाही." आता सख्ख्या चुलतबहिणीनेही तेच ऐकवलं.

परत सांगतो. ब्राउझर हा सांगकाम्या आहे. मजकूर वाचता वाचता त्याला < ही खूण दिसली की त्याला वाटतं, आता हुकूम येणार. पुढे जे येईल ते तो बजावतो. कुणी सांगितलं, का सांगितलं, हे विचारायची त्याला अक्कल नाही. आणि चोर वाट वाकडी करून येत नाहीत गं, ते कुणाचं घर बघून येतच नाहीत. त्यांची यंत्रं रात्रंदिवस फिरतात आणि ज्या ज्या वेबसाइटवर हे प्लगइन दिसेल तिथे कडी वाजवून बघतात. तुझ्याकडे चोरायला काही नाही म्हणतेस, मग पेशंटांच्या आवाजाची रेकॉर्डिंग कुठे ठेवतेस? त्यांच्या घरचे फोन नंबर? सगळं त्याच एका कुलपामागे ना?

प्लगइन बनवणाऱ्याला मी कळवलं होतं. पुराव्यासकट, नम्रपणे. त्याचं उत्तर आलं: "ही त्रुटी नाही, वापरणाऱ्यांची सोय आहे." मी परत लिहिलं. आता तो उत्तरही देत नाही. डोकं आपटावं तर ऑफिसच्या भिंतीसुद्धा काचेच्या आहेत.

आणि ते बदक. मी त्याच्या येण्याजाण्याच्या नोंदी बघितल्या. तो तुमच्याच शहरातून येतो, तुमच्याच भागातून. म्हणजे कुणीतरी ओळखीतला, घरभेदी. तू म्हणतेस पेशंट आहे. पेशंट असला तरी त्याच्या नावावर दुसरं कुणी बसलं नसेल कशावरून? घरात नातू, भाचा, कुणी टवाळखोर असेल. नाव सांग, मी पाच मिनिटांत खात्री करतो. नाव सांगत नाहीस तोवर मी त्याला चोरच धरणार.

खुडबुड्या


१३ मार्च

खुडबुड्या,

झालं तुझ्या मनासारखं.

काल सकाळपासून पान उघडलं की त्यावर एक भडक चौकट येते. 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात', फटाके उडतात, खाली मोठं हिरवं बटण. बंद करायची फुली इतकी बारीक की मलाच चष्मा लावून शोधावी लागली. आता विचार कर, माझ्या लोकांचं काय झालं असेल.

आमच्या छत्रीबाई, जन्मभर शिवणकाम केलेल्या, वाचता येणं गेलंय पण आकडे शाबूत आहेत. त्यांनी हिरवं बटण दाबलं. पुढे फोन नंबर मागितला. एक तरी गोष्ट आपल्याला येते आहे म्हणून त्यांनी आनंदाने लेकीचा नंबर घातला. तेव्हापासून त्या लेकीला सारखे फोन येताहेत, आणि ती मला फोन करून ओरडते आहे. छत्रीबाईंना आपण काय चुकलो तेच कळत नाही. आज त्या माझ्यासमोर बसून नुसत्या हात चोळत होत्या. त्यांना समजावून सांगायला माझ्याकडे शब्द होते, पण त्यांच्याकडे ते घ्यायला नव्हते. मी आयुष्यात इतकी चिडले नसेन. कुणावर चिडायचं तेही कळत नाही, म्हणून तुझ्यावर चिडते आहे.

सोबत मालकिणीचा पासवर्ड पाठवते आहे. काय करायचं ते कर, पण दोन गोष्टी. कुणाचंही लिहिलेलं पुसायचं नाही. आणि बदकाला हात लावायचा नाही. का, ते मला सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय. एकदा तरी कारण न विचारता माझं ऐक.

ताई


१४ मार्च

ताई,

मी ऑफिसमधून लवकर निघालो, घरी येऊन जेवलोही नाही, आणि सरळ कामाला लागलो. आता ऐक, आणि रागवायचं ते शेवटी रागव.

ते बक्षीस काढून टाकलं. साफ करणारा पर्याय सुरू केला. आणि बदकाला बंद केलं. त्याचं लिहिलेलंही काढून टाकलं, सगळं. आता त्याने पान उघडलं की लाल पाटी दिसेल आणि आत जाता येणार नाही.

तू नको म्हणाली होतीस, माहीत आहे. पण मी ते सगळं वाचत बसलो होतो. एका दिवशी ><, दुसऱ्या दिवशी <>, मग 'सकाळ <>', मग नुसतंच >< >< ><. खूण उलटी करून बघतो, सुलटी करून बघतो. आणि चलाख किती! मधूनमधून 'मुलगा फोन ><' असे शब्द पेरून ठेवतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की खरंच कुणी पेशंट लिहितोय. असले नग मी रोज बघतो. तू माणसं ओळखतेस, मान्य. पण हे माणसांचं काम नाही, हे माझं काम आहे, आणि यात तुझ्या दिलेल्या शब्दावर मी विसंबू शकत नाही.

छत्रीबाईंच्या लेकीला नंबर बदलायला सांग. आणि जरा झोप घे.

खुडबुड्या


१८ मार्च

बदक तुझे वडील आहेत.

आता वाच.

तुझ्या बापाने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टमधली दाराची दोन बटणं डोळ्यांसमोर आण. दोन बाण एकमेकांना पाठ करून, म्हणजे दार उघडा. दोन बाण समोरासमोर, म्हणजे दार लावा. आजारानंतर त्यांना कीबोर्डवर एक अक्षर सापडत नव्हतं, पण या दोन खुणा सापडल्या. माझ्याच टेबलावर सापडल्या, आणि मला वेडा आनंद झाला होता. त्या दिवसापासून शब्द सापडला, दिवस बरा गेला, की <>. डोक्यातलं दार लागलं, काही केल्या उघडेना, की ><. पहिल्या दिवशी ज्यांची चौकट तुझ्या त्या साफ करणाऱ्या पर्यायाने कोरी केली तेही तेच. 'मुलगा फोन' पुढे त्यांनी काय लिहिलं होतं, ते आता तूच मला वाचून दाखव.

तुला का सांगितलं नाही? कारण त्यांनीच नको म्हटलं. मी एकदा म्हणाले, "काका, हे आपल्या खुडबुड्याला दाखवू या का?" तर त्यांनी अख्खा पंजा स्क्रीनवर ठेवला. अडकलेल्या लिफ्टमधल्या घाबरलेल्या माणसांना बंद दाराबाहेरून गप्पा मारून शांत ठेवणारा माणूस होता तो, हे तुला मी सांगायला हवं का? त्यांना आपल्या मुलाने आपलं हे तुटकं लिहिणं बघायला नको होतं. निदान इतक्यात तरी नको. मी हो म्हणाले. काकूलाही गप्प राहायला सांगितलं.

आता परवाचं. नेहमीसारखे ते चष्मा लावून बसले, काकूने पान उघडून दिलं, आणि तुझी लाल पाटी आली. काकू वाचून दाखवायला पुढे झाली तर त्यांनी तिला हाताने बाजूला केलं. स्वतः वाचायला लागले. एकेका शब्दाखाली बोट. मोठा शब्द आला की अर्धा झाकायचा, पुढचा अर्धा मग उघडायचा, मीच शिकवलंय तसं. 'संशयास्पद'पाशी किती वेळ अडकले असतील ते काकूला विचार. चहा गार झाला, जेवण गार झालं, उठले नाहीत. शेवटी वाचलं. "तुमची हालचाल संशयास्पद आढळल्याने तुमचा प्रवेश कायमचा बंद करण्यात आला आहे."

आजारानंतर त्यांनी स्वतःच्या बळावर वाचलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. माझ्या वर्षभराच्या कष्टांचं चीज झालं, अभिनंदन कर माझं.

वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि आत जाऊन पडले. काल माझ्याकडे यायचा वार होता, आले नाहीत. मी घरी गेले तर तोंड भिंतीकडे. आता 'बरं'सुद्धा म्हणत नाहीत.

आणि तुझं ते बक्षीस? आज सकाळी परत आलं. फटाक्यांसकट.

ताई


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र ऑफिसमध्ये वाचलं आणि जिन्यात जाऊन बसलो. येणारेजाणारे विचारत होते, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, बरं.

घरी फोन केला. आई म्हणाली, झोपलेत. मागे टीव्हीचे चॅनेल बदलल्याचे आवाज येत होते.

माझा राग कुणावर काढू? प्लगइनवाल्यावर काढून झाला, तुझ्यावर काढून झाला. तू नाव सांगितलं असतंस तर हे झालं नसतं, असं लिहायला घेतलं होतं, आणि मग पुसलं. मला ती बटणं ओळखता यायला हवी होती. लहानपणी बाबा मला कामावर न्यायचे, तेव्हा ती बटणं दाबायला मिळावीत म्हणून मी भांडायचो. पण मी चोर शोधायला बसलो होतो, मग मला चोरच दिसला.

खरा चोर त्या चौकटीतून आलाच नव्हता. पेशंटच्या चित्राला नाव द्यायचा एक बारका रकाना असतो ना, तिथून आला. साफ करणारा पर्याय त्या रकान्याकडे बघतच नाही. मी नवीन माणसाला शिकवताना पहिली गोष्ट सांगतो, एक भोक सापडलं म्हणून थांबू नका. आणि मी बदकापाशीच थांबलो होतो.

आता काय केलं ते. साफ करणारा पर्याय बंद. हो, मीच बंद केला. प्लगइनमध्ये हात घालून ते मुळातूनच दुरुस्त केलं. माणसाने जे लिहिलं ते आता जसंच्या तसं साठवलं जातं, एक ठिपकाही कुणी पुसत नाही. फक्त पानावर दाखवायच्या वेळी ब्राउझरला बजावून सांगायचं की बाबा रे, ही खूण नुसती दाखवायची आहे, हा हुकूम नाही. मग तो ती मुकाट्याने दाखवतो. चित्राच्या रकान्यालाही तेच केलं. खरं तर कुठल्याही प्लगइनने हे पहिल्या दिवसापासून करायला हवं. 'मजकूर साफ करा' ही आळशी माणसाने काढलेली पळवाट आहे, आणि मी तुला तीच विकत होतो. तुझा नियमही मोडत नव्हता आणि दारही लागत होतं, आणि आपण दोघं दोन आठवडे यातलं एकच मिळेल असं धरून भांडत बसलो.

मी पुसलेलं सगळं, पुसायच्या आदल्या दिवशीच्या राखीव प्रतीतून परत आणलं. बदकाची एकूण एक खूण. सगळ्यांचे पासवर्ड बदललेत, तुझाही, वेगळ्याने कळवतो. रेकॉर्डिंगपर्यंत कुणी पोचलं नव्हतं, नोंदी नीट तपासल्या. प्लगइनवाल्याला दुरुस्ती तयार करून पाठवली आहे, त्याने नुसती चिकटवायची. अजून उत्तर नाही.

बाबांना तेवढं सांग, दार उघडलंय.

खुडबुड्या


२६ मार्च

खुडबुड्या,

पान छान चाललंय. बक्षीस परत आलं नाही. टोपी रोज लिहितात. छत्रीबाई दोन दिवस हिरवं काही दिसलं की हात मागे घ्यायच्या, काल त्यांनी 'लेक राग गेला' असं लिहिलं. ते त्यांनी लिहिलं तसंच उमटलं.

बदक आलं नाही.

तुझा निरोप मी दिला. "काका, दार उघडलंय, तुमचं सगळं परत आलंय, चूक झाली होती." ऐकून घेतलं. चूक कुणाची ते मी सांगितलं नाही. ते तुझं तू सांग. मी आता तुम्हा दोघांच्या मधे उभी राहणार नाही, एकाची गुपितं पोटात आणि दुसऱ्याचे निरोप ओठांवर, असं करूनच हे सगळं होऊन बसलंय. माझ्या नियमांचं मला कौतुक आहे, पण काकांची परवानगी परत एकदा मागता आली असती. मी मागितली नाही, कारण शब्द पाळण्यात मला मोठेपणा वाटत होता. तुझ्याइतकीच मीही हट्टी निघाले.

फोन करू नकोस. तू फोनवर माफी मागायला लागलास तर दोन मिनिटांत स्वतःची बाजू, प्लगइनवाला, ऑफिस आणि हवापाणी सगळं सांगून मोकळा होशील आणि ते 'बरं' म्हणतील. लिही. माझ्या पेशंटला लिहितोस असं समजून लिही. एका ओळीत एकच गोष्ट. लहान वाक्य. मोठं अक्षर. ओळींमध्ये जागा सोड. विनोद नकोत. आणि लहान मुलाशी बोलल्यासारखं लिहू नकोस, त्यांचे शब्द गेलेत, अक्कल नाही.

छापून कागद घरी पाठव. स्क्रीनसमोर ते अजून बसत नाहीत.

ताई


२८ मार्च

बाबा,

ही चिठ्ठी मी लिहितोय.

लाल पाटी मी लावली.

बदक म्हणजे तुम्ही, हे मला माहीत नव्हतं.

मी तुम्हाला चोर समजलो.

ताईने मला अडवलं होतं. मी ऐकलं नाही.

मी तुमचं लिहिलेलं पुसलं. मग परत आणलं. सगळं परत आलं आहे.

ते आणताना मी वाचलं. तुम्हाला न विचारता वाचलं.

तुम्ही लिहिलं होतं, 'मुलगा फोन ><'.

मी फोनवर भरभर बोलतो. तुमच्यासाठी थांबत नाही.

मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही.

तुम्ही माझ्याबद्दल लिहीत होतात.

मला फार वाईट वाटतंय.

तुम्ही रागावला असाल. मला चालेल.

उत्तर लिहिलंत तर मी तसंच ठेवीन. नाही लिहिलंत तरी मी पुढच्या आठवड्यात परत लिहीन.

तुमचा मुलगा


५ एप्रिल

मुला

वाचलं. दोनदा.

चोर नाही. बाबा.

तुझं काम कुलूप. चांगलं काम. पण आधी कोण, बघ. मग कुलूप.

फोन भरभर. कागद बरा.

आई रडली. ताई रडली. मी नाही. मी राग.

राग खूप. शब्द कमी.

ये. समोर रागावतो.